पाणी कमी

दिवाडीच्या फेरीबोटीवर तेहतीस वर्षं
माझ्या पायांखाली पाणीच होतं.
आता निवृत्त माणसाला पार्सल येतं सेतूबालहून:
लोकरीच्या मोज्यांत खुपसलेली बियांची पाच पाकिटं
आणि मुलीच्या अक्षरात एकच ओळ,
बाबा, पाणी कमी.

विहिरीमागे घाणेरी माजली होती.
दोन दिवस कोयत्यानं तीच तोडली.
वास हाताला राहिला, जेवतानासुद्धा.
सुलक्षा म्हणाली, साबण आहे घरात.

जागा निघाली चार पावलं रुंद, सहा लांब.
खाली चिऱ्याचा कातळ, वर वीतभर तांबडी माती.
आंबट आहे, कृषी खात्यातला पोरगा म्हणाला,
कागदाची पट्टी बुडवून, डॉक्टरसारखा.
मग आठवडाभर तिसऱ्यांचं सुकं खाल्लं आम्ही,
शेजाऱ्यांनाही खायला लावलं,
शिंपल्या मुसळानं कुटल्या
आणि मातीला चारल्या.

एर्मिनाबाय कुंपणावरून बघत होती.
पाकिटावरची नावं तिला येतात,
वाचून नव्हे, पाद्रीच्या मळ्यात
लहानपणी तण उपटायला जायची तेव्हापासून.
आलेक्रीं, ती म्हणाली, निळं फूल बघून.
ह्याला शेण घालशील तर फुगेल आणि मरेल.
उपाशी ठेव.

उपाशी!
आम्ही माडाला मीठ घालतो, मासळीचं पाणी घालतो,
अबोलीला तांदळाचं धुवण.
दिवेलागणीला माझा हात आपण होऊन कळशीकडे जातो.
तो मी खिशात कोंबला
आणि पायरीवर बसून ऐकत राहिलो
शेवटच्या फेरीचा भोंगा.

बेझिल आधी उगवली, पाचव्या दिवशी, आगाऊ.
सुलक्षानं पान चुरडून हुंगलं.
सोयऱ्यांतलीच दिसते, म्हणाली, पण लांब दिलेली.
आणि कुंडी उचलून वृंदावनापासून
दहा पावलांवर नेऊन ठेवली.

रोझमेरीच्या चाळीस बियांतून तीन कोंब,
तेही सव्विसाव्या दिवशी,
शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे, मान खाली घालून.
एक मी मारला.
मध्यरात्री उठून, चोरासारखा,
अर्धा तांब्या.
सकाळी एर्मिनाबायनं ओली माती बघितली.
उदक नाका म्हटलेलं रे तुला,
एवढंच, हळू आवाजात.

जानेवारीत मांडवीवरून धुकं चढायचं,
त्यातलं दव काय मिळेल तेवढंच त्यांचं.
दोन्ही जगले.
पहिल्यांदा पान चोळलं तेव्हा
कापूर आला, आंब्याचा चीक आला,
आणि मागून इंजिनरूम पुसायचं टर्पेंटाईन,
इतकं नेमकं, की मी घड्याळ बघितलं.

फोनवर हे सगळं मुलीला सांगितलं, अगदी शिंपल्यांपासून.
ती हसली.
बाबा, इथे ते बसस्टॉपजवळच्या दुभाजकात वाढतं,
कुणी ढुंकून बघत नाही.
आणि परवा नर्सरीत काय दिसलं सांगू?
छान कुंडीत, लेबल लावून, सहा युरोला?
घाणेरी.
घेतलीस? मी विचारलं.
थोडा वेळ फक्त तिकडची भांडी ऐकू आली.
मग म्हणाली, शिफ्ट सुरू होतेय.

मे संपत आलाय. एर्मिनाबाय रोज विचारते,
जूनचं काय करशील?
कुंड्या बालकांवच्या छपराखाली ओढल्यात.
थाइम भिंतीला टेकून आहे, ओरेगानो पसरतोय,
सेज गेली. का, ते कळलं नाही.

विहिरीमागे जुन्या बुंध्यातून
घाणेरी पुन्हा फुटली आहे.
काल कोयता घेऊन गेलो होतो.
एक पान चोळून बघितलं, उभ्यानंच.
आणखी एक.
मग परत आलो
आणि साबण न लावता जेवायला बसलो.